बापाचं नाव आधी जन्माच्या दाखल्यावर, मग सातबाऱ्यावर

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल बघतो, लॉट नंबर बघतो, दुकानदाराची पक्की पावती मागतो. उगवण झाली नाही तर तक्रार करता यावी म्हणून ती पिशवी हंगाम संपेपर्यंत आढ्याला अडकवून ठेवतो. आणि घरात मूल जन्माला आलं तर? नोंद झाली का, कोणी केली, बापाचं नाव कसं लिहिलं, हे पुष्कळ घरांत मूल शाळेत जाईपर्यंत कोणी विचारत नाही. पिशवीचा हंगाम चार महिन्यांचा असतो. त्या नोंदीचा हंगाम साठ-सत्तर वर्षांचा असतो.

शेतीखात्यातल्या माणसाने हा विषय का काढावा, असं कोणी म्हणेल. त्याचं कारण सोपं आहे. अपघातात शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. त्या प्रस्तावाला तलाठ्याकडची वारसांची नोंद, म्हणजे गाव नमुना ६-क लागतो. मला कामाच्या निमित्ताने अशा फायली बघाव्या लागतात. पंचनामा असतो, मृत्यूचा दाखला असतो, सातबारा असतो, आणि फाईल अडते ती वारसाच्या रकान्यात. कुठे मुलाच्या दाखल्यावर बापाचं टोपणनाव असतं. कुठे मूल आजोळी जन्मलं म्हणून मामाचं आडनाव लागलेलं असतं. कुठे दुसऱ्या घरची दोन लेकरं असतात आणि भावकी म्हणते, 'ही आमची नव्हेतच.' माणूस जाऊन दहावा होत नाही तोच त्याच्या पोरांना आपला बाप कोण हे सिद्ध करत हिंडावं लागतं. याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

कायद्याने बाप कोण?

गावात बाप कोण हे पारावर ठरवतात. कायद्यात ते तसं ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि तेच कलम त्यात ११६ म्हणून आलं. त्याचा अर्थ असा. कायदेशीर लग्न टिकून असताना मूल जन्मलं, किंवा लग्न मोडल्यावर २८० दिवसांच्या आत जन्मलं आणि आईने मधे दुसरं लग्न केलेलं नाही, तर ते त्या नवऱ्याचंच मूल. हा निर्णायक पुरावा मानला जातो. तो मोडायचा तर एकच वाट आहे. मूल राहण्याच्या काळात नवरा-बायकोला एकत्र येणं शक्यच नव्हतं, हे दाखवावं लागतं. हे कलम हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांना सारखंच लागू आहे.

'शक्यच नव्हतं' हे शब्द नीट समजून घ्या. नवरा ऊसतोडीला परजिल्ह्यात होता, एवढं सांगून भागत नाही. मधे कोणाच्या लग्नाला, सणाला दोन दिवस घरी येऊन गेला असेल तर संधी होती, असंच न्यायालय धरतं. कायदा इतका कडक का? कारण मोठ्यांच्या भांडणात लेकराच्या कपाळी 'बिनबापाचं' हा शिक्का बसू नये. माझ्या मते हा कायद्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग आहे.

हल्ली मात्र भांडण झालं की पहिला शब्द निघतो, 'डीएनए करा.' जणू माती परीक्षणाचा नमुनाच द्यायचा आहे! सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगितलं की अशी रक्ततपासणी कोणी मागितली म्हणून उठसूट देता येणार नाही. २०२३ साली पुण्याच्या एका प्रकरणात तेच पुन्हा बजावलं. बायकोवर संशय आहे म्हणून मुलाला तपासणीच्या टेबलावर ठेवायचं नाही, मुलाचे स्वतःचे हक्क आहेत, असं न्यायालय म्हणालं. जानेवारी २०२५ मध्ये केरळच्या प्रकरणातही, आईच्या नवऱ्याला संधी होती एवढ्यावर तोच कायद्याने बाप ठरला आणि तिसऱ्या माणसाची तपासणी करण्याची मागणी फेटाळली गेली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बायको अमुक काळात आपल्याकडे नव्हतीच, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. न्यायालयाच्या हुकमाने तपासणी झाली आणि तो मुलीचा बाप नाही असा अहवाल आला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने शास्त्राचा पुरावा मोठा मानला आणि त्याची पुढची पोटगी थांबवली. दिलेली रक्कम मात्र परत घ्यायची नाही, असंही सांगितलं. म्हणजे ज्याच्यावर खरोखर अन्याय झालाय त्याला दार उघडं आहे. पण ते न्यायालयाचं दार आहे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा जातीच्या बैठकीत त्याचा निकाल लागत नाही.

२१ दिवसांचं काम

आता कागदाकडे वळू. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्म झाल्यापासून २१ दिवसांत कळवलं तर नोंद फुकट होते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दवाखान्याने कळवायचं, घरी झालं तर घरच्या कर्त्याने. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. त्याच्यापुढे वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद थांबवू नका. नाव वर्षाच्या आत फुकट आणि पुढे १५ वर्षांपर्यंत फी भरून घालता येतं. आई-बापाची नावं मात्र पहिल्याच दिवशी आधार कार्डाशी ताडून, पूर्ण आणि शुद्ध लिहून द्या. 'बाळू'चं 'बाळासाहेब' करायला नंतर वर्ष जातं.

२०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलाला शाळा, आधार, मतदार यादी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण दाखवायला जन्माचा दाखला हाच आधार आहे. त्याशिवाय आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाचं नाव शासकीय कागदावर आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलं. आईचं नाव आलं म्हणून बापाचं गेलं, असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. दोन्ही नावं आली, आणि ते बरंच झालं.

बाप नाव द्यायला तयारच नसेल, किंवा एकट्या आईला ते द्यायचं नसेल तर? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अविवाहित आईने स्वतःच्या शपथपत्रावर मागितलं तर तिच्या मुलाचा जन्मदाखला दिलाच पाहिजे. तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांनी 'आधी बाप आणा' म्हणून तिला परत पाठवू नये. आणि कोणी येऊन 'तो माझा नाही, नाव खोडा' म्हणाला म्हणून खोडूही नये. नोंद खोडायची नसते. खात्री पटली तर समासात दुरुस्ती लिहायची असते, मूळ नोंद तशीच राहते. बाप कोण याचाच वाद असेल तर न्यायालयाचा आदेश येईपर्यंत वहीला हात लावू नये.

दुसऱ्या घरची लेकरं

आता दुखरी नस. पहिली बायको हयात असताना, फारकत झालेली नसताना दुसरी केली तर हिंदू विवाह कायद्याने ते लग्न शून्य. वर तो गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसरीला वारसा नाही. पण तिच्या पोरांचं काय?

हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ सांगतं की अशा लग्नातून झालेली मुलं औरसच मानायची. १९७६ च्या दुरुस्तीने हे पक्कं झालं. आई-बापाच्या मालमत्तेत त्यांचा हक्क आहे, इतर नातेवाइकांच्या नाही. वडिलोपार्जित जमिनीचं काय, हा घोळ बरीच वर्षं होता. १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो सोडवला. बाप मरण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असती तर बापाच्या हिश्शाला जे आलं असतं, त्यात या मुलांनाही वाटा आहे. पण ती जन्माने एकत्र कुटुंबाची हिस्सेदार होत नाहीत.

हिशेब मांडून दाखवतो. समजा वडिलोपार्जित १२ एकर आहे. घरात बाप, पहिली बायको, एक मुलगा, एक मुलगी. दुसऱ्या लग्नाचं एक मूल. बापाची आई हयात नाही. बाप वारला. आधी कागदावर वाटणी धरायची. बाप, बायको, मुलगा, मुलगी यांना प्रत्येकी ३ एकर. आता फक्त बापाचे ३ एकर, म्हणजे १२० गुंठे, वारसांत वाटायचे. वारस चार : पहिली बायको, मुलगा, मुलगी आणि दुसरीचं मूल. प्रत्येकाला ३० गुंठे. दुसरीच्या मुलाला १२ एकरांपैकी ३० गुंठे आले, पहिल्या घरच्या तिघांना प्रत्येकी ३ एकर ३० गुंठे राहिले. बापाने स्वतः कमावून घेतलेली ४ एकर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यात मात्र चौघांना एकेक एकर.

एवढ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात घालवणारी घरं आहेत! बांधावर कुऱ्हाडी निघतात. आणि ३० गुंठ्यांच्या भांडणात वकिलाला, हेलपाट्यांना जे जातं त्यात एक विहीर झाली असती.

काही शहाणे म्हणतील, 'असा हक्क दिला तर लोक दोन-दोन बायका करतील.' मला हे पटत नाही. दुसरं लग्न करणारा माणूस कलम १६ वाचून करत नाही. गुन्हा बापाने केला, त्याची शिक्षा बापाला व्हावी. लेकराने काय केलं? पहिलीवर अन्याय होतो हे मात्र खरं आहे. तिच्या पोरांचा वाटा कमी होतो. पण तो कमी केला तिच्या नवऱ्याने, त्या दुसऱ्या मुलाने नव्हे. एक त्रुटी मलाही खटकते. ज्या आई-बापांचं कसलंच लग्न लागलेलं नाही, त्यांच्या मुलाला कलम १६ चा आधार नाही. हिंदू वारसा कायद्यात ते आईचंच वारस ठरतं. बाप जिवंतपणी नुसतं 'माझंच आहे' म्हणत राहिला तरी जमीन मिळत नाही. अशा बापाला खरोखर लेकराची काळजी असेल तर त्याने आपल्या कमाईच्या जमिनीबद्दल मृत्युपत्र करून ठेवावं. पोटगी मात्र अशा मुलालाही मिळते. पूर्वीचं कलम १२५, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, औरस-अनौरस असा भेद करत नाही.

एक सूचना. हे वारशाचे नियम हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना आहेत. मुसलमान आणि ख्रिस्ती बांधवांचा वारशाचा कायदा वेगळा आहे. आदिवासी बांधवांना केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हे हिंदू कायदे लागत नाहीत, त्यांच्यात रूढी बघतात.

तलाठी भाऊसाहेबांना विनंती

पदांची नावं आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली, पण गावाच्या तोंडी अजून तलाठी आणि ग्रामसेवकच आहेत. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्ज बहुधा मोठा भाऊ किंवा चुलता करतो आणि सोयीची नावं लिहितो. बहिणी गळतात, दुसऱ्या घरची मुलं गळतात. तलाठ्यांनी अर्जावर विसंबू नये. पोलीस पाटलाला, शेजाऱ्यांना विचारावं, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला मागवावा. कोणी हरकत घेतली तर ती नोंदवून पोच द्यावी आणि तक्रार केस वर पाठवावी. 'हा त्याचा मुलगा नाही' हा निर्णय देणं तलाठ्याचं काम नाही, मंडळ अधिकाऱ्याचंही नाही. फेरफाराने कोणी वारस होत नाही आणि फेरफारात नाव नाही म्हणून कोणाचा हक्क जात नाही. शेवटचा शब्द दिवाणी न्यायालयाचा. पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही. तोवर दहा हंगाम निघून जातात, हे नाव गाळणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

बापाचे हक्क आणि त्याला बांधलेलं कर्तव्य

आता बापाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याप्रमाणे औरस मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नव्हे. बाप लक्ष देत नसेल, दूर असेल तर तो हयात असतानाही आई पालक असते. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहतं. आणि या सगळ्यावर एकच कसोटी, मुलाचं हित.

सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणून बापाचं नाव असतं. त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता, मालक नव्हे! मुलाच्या स्वतःच्या नावाची वेगळी जमीन विकायची, गहाण टाकायची तर जिल्हा न्यायालयाची आधी परवानगी लागते. तशी न घेता विकली तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. बाप गेल्यावर आई पालक, चुलता नव्हे. घेणाऱ्यांनीही स्वस्तात मिळतेय म्हणून अशा जमिनीच्या नादी लागू नये. आणि मुलगा अठराचा झाला की 'अ.पा.क.' शेरा कमी करून घ्यावा.

नवरा-बायकोचं बिनसलं, ती माहेरी गेली, मूल तिच्याकडे आहे. बाप भेटायला गेला तर मेव्हणे दारातून हाकलतात. मग हा एक दिवस शाळेतून मूल उचलून आणतो आणि पोलीस केस होते. दोन्ही चूक. बापाला मुलाला भेटण्याचा हक्क आहे. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात, कुटुंब न्यायालय असेल तिथे त्यात, भेटीसाठी किंवा ताब्यासाठी अर्ज करता येतो. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्यातच अर्ज देता येतो. न्यायालय रविवारची, सुट्टीची भेट ठरवून देतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की मुलाला आई-बाप दोघांचंही प्रेम मिळायला हवं. मूल कळतं झालं असेल तर त्याचं म्हणणंही विचारतात.

पण पोटगीचा हप्ता थकवून भेटीचा हट्ट धरणारा बाप न्यायालयात फार काळ टिकत नाही. तसंच 'पोटगी नाही तर भेट नाही' म्हणून मूल अडवून धरणं हेही बरोबर नाही. पोटगी मुलाच्या पोटासाठी आहे आणि भेट मुलाच्या मनासाठी आहे. दोन्ही मुलाच्याच आहेत, कोणाच्या वसुलीचं हत्यार नव्हेत. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या आत.

गावाने काय करावं

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. ग्रामपंचायतीने दर महिन्याला आशाताई आणि अंगणवाडी ताईंच्या वहीतले जन्म आणि नोंदवहीतले जन्म ताडून बघावेत. जे राहिलं असेल ते २१ दिवसांतच धरावं. लग्नाची नोंद करून घ्यावी, कारण लग्न सिद्ध असेल तर बापाचं नाव आपोआप सिद्ध होतं. ग्रामसभेत वारस नोंदींचं जाहीर वाचन व्हावं म्हणजे गळालेलं नाव तिथेच उघड होईल. आणि लेकराच्या बापाबद्दल पारावर चावट बोलणाऱ्याला जाणत्या माणसांनी तिथल्या तिथे गप्प करावं.

शेतकरी दादांना एवढंच सांगायचंय. या आठवड्यात घरातल्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला पेटीतून काढा. आपलं नाव आधार, सातबारा आणि दाखला या तिन्हींवर अक्षरन्‌अक्षर एकसारखं आहे का बघा. नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि पोच घ्या. कोणाची दोन घरं असतील तर त्याने जिवंतपणीच वाटणीचा, मृत्युपत्राचा विचार करावा. आपण गेल्यावर बोलायला आपण नसतो, कागद असतो. आपल्या लेकराचा बाप कोण, हे त्या कागदाने सांगितलं पाहिजे, भावकीने नव्हे.